लाल कुणाला दिसतं?

पुण्यात सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या किंवा शास्त्री रस्त्यालगतच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले कप्पे, कप्प्याला एक दिवा, एक चार्जिंगचा पॉइंट, पाण्याची बाटली, आणि नजरेसमोरच्या फळीवर चिकटवलेलं वेळापत्रक. एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलामुलींची ही वेळापत्रकं वाचण्याआधी बघण्यासारखी असतात. इतिहास गुलाबी, राज्यघटना निळी, भूगोल हिरवा, अर्थशास्त्र नारिंगी. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे चौकोन पट्टी लावून आखलेले, कड न ओलांडता रंगवलेले. असं वेळापत्रक करण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते आणि ती संध्याकाळ अभ्यासातच धरली जाते. काही फळ्यांवर या कागदाखालून आधीच्या वेळापत्रकाची कड डोकावत असते. तिथे इतिहास हिरवा असतो.

तिथून चालत अप्पा बळवंत चौकात आलं, की हे रंग कुठून येतात ते कळतं. दि. प. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेला शाईचा धंदा पुढे ‘कॅम्लिन’ या नावानं घरोघरी पोचला, आणि कितीतरी पिढ्या निळी, काळी, लाल आणि फार तर हिरवी, एवढ्या शायांवर शिकल्या. त्याच कंपनीत आता जपानच्या कोकुयोचा मोठा वाटा आहे आणि काउंटरवर फिक्या रंगांच्या हायलायटरचे संच मांडलेले आहेत. शेजारी तारखा न छापलेले प्लॅनर, रंगीत टॅब, स्टिकरच्या पट्ट्या. हे कसं वापरायचं ते सांगायला मोबाइलवर रील्स आहेतच: निळ्यानं एकाग्रता वाढते, पिवळ्यानं कल्पना सुचतात, हिरव्यानं मन शांत राहतं, टेबलापुढची भिंत चुकूनही लाल नको.

रंगानं काम खरंच वाढतं का? यात दोन वेगळे दावे एकात एक मिसळून विकले जातात. रंग मनावर परिणाम करून आपल्याला कामाला लावतो, हा पहिला दावा; तो तपासायला गेलं की हाती फारसं काही लागत नाही. रंग शोधाशोध वाचवतो, हा दुसरा. तो पक्का आहे. मात्र रंगाचा अर्थ आधी ठरलेला हवा, आणि तो रंग दिसल्यावर कुणीतरी जागचं उठून काहीतरी करायला हवं. दिवाळीच्या सुमारास नव्या वर्षाची डायरी घेणाऱ्यांनी पहिल्या दाव्यावर खर्च करण्याआधी त्याची कुंडली बघून घ्यावी.

त्या कुंडलीत एक गुलाबी तुरुंग आहे. १९७९ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या नौदल तुरुंगातली एक कोठडी अलेक्झांडर शॉस या संशोधकाच्या सांगण्यावरून विशिष्ट गुलाबी रंगात रंगवली गेली. त्या रंगात ठेवलं की आक्रमक कैदी थोड्याच वेळात नरमतो, असं त्याचं म्हणणं. तुरुंगाच्या दोन अधिकाऱ्यांच्या आडनावांवरून या छटेला ‘बेकर-मिलर पिंक’ नाव पडलं आणि ती तुरुंगातुरुंगांत पसरली. आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकानं तर पाहुण्या संघाची कपडे बदलायची खोलीच गुलाबी करून टाकली. मग २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या तुरुंगातला एक काटेकोर अभ्यास प्रसिद्ध झाला: काही कैदी गुलाबी कोठडीत, काही पांढऱ्या कोठडीत. दोघांच्या आक्रमकतेत फरक आढळला नाही.

निळ्यानं कल्पकता वाढते असंही कुणी सांगतं, आणि तेही हवेतून आलेलं नाही. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रवी मेहता आणि ज्युलिएट झू यांचा निबंध आला. लाल पार्श्वभूमीवर बारकाईची कामं चांगली होतात आणि निळ्यावर कल्पकतेची, असा त्याचा निष्कर्ष. एवढ्या वजनदार ठिकाणी छापलेला निष्कर्ष वर्तमानपत्रांनी, रंग-कंपन्यांनी आणि ऑफिस सजवणाऱ्यांनी लगेच उचलला. २०१४ मध्ये केनेथ स्टील यांनी त्यातला एक प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. ही दुसरी बातमी कुणी उचलली नाही. टेक्सास विद्यापीठात नॅन्सी क्वालेक यांनी लाल, पांढऱ्या आणि निळसर हिरव्या कार्यालयांत माणसांना बसवून कारकुनी कामं करून घेतली होती. सर्वांना सरसकट लागू पडेल असा एकच रंग त्यातून पुढे आला नाही. आजूबाजूच्या गोष्टींकडे दुर्लक्ष करण्याची ज्याची त्याची ताकद किती, यावर बरंच काही अवलंबून निघालं. म्हणजे पत्नीला मानवणारी भिंत पतीला छळू शकते. हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही, घराला रंग काढायचा ठरवला तरी पुरतं.

भिंतीच्या रंगानं कामात निखालस फरक पडल्याचं एक उदाहरण मात्र शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी शस्त्रक्रियेची खोली पालकाच्या पानासारखी हिरवी करून घेतली. तोवर सगळं पांढरं असायचं, भिंती, चादरी, डगले. दिव्याच्या झोतात तो पांढरा डोळ्यांवर चमकायचा. शिवाय बराच वेळ लाल रक्ताकडे बघून नजर पांढऱ्यावर गेली की तिथे हिरवट सावल्या तरंगायच्या. भिंत आणि कापड हिरवं केल्यावर सावल्या त्यात विरल्या आणि पुन्हा लालाकडे वळलेली नजर ताजी राहिली. यात मन:शांतीचा काही संबंध नाही. डोळा थकू नये एवढाच हेतू होता, आणि तो साधला. घरी काम करणाऱ्यानं भिंतीच्या रंगाच्या मानसशास्त्रापेक्षा खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडतो का, हे पाहावं.

आता अभ्यासिकेतला हायलायटर. जर्मनीच्या श्वान कंपनीनं १९७१ मध्ये ‘स्टॅबिलो बॉस’ बाजारात आणला तेव्हापासून विद्यार्थ्याचा त्यावरचा विश्वास अढळ आहे. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती चाळणीला लावल्या. ओळी रंगवणं आणि अधोरेखित करणं खालच्या श्रेणीत पडलं. वरच्या श्रेणीत आल्या दोनच गोष्टी: पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणं, आणि तोच अभ्यास अंतराअंतरानं पुन्हा करणं. रंगवलेलं पान ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असा समज होतो. परीक्षेत पान समोर नसतं.

*

मग रंगाचा उपयोग काय? त्याचं उत्तर अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाडे यांनी १९८० मध्ये मांडलेल्या सिद्धांतात आहे. पानभर हिरव्या अक्षरांत एकच लाल अक्षर असेल, तर ते शोधावं लागत नाही. पानावर दहा अक्षरं असोत की शंभर, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. लाल आपणहून डोळ्यांत शिरतं. पण ‘लाल रंगाचा आणि तोही टी’ असा दुहेरी शोध असेल, आणि आजूबाजूला लाल एक्स नि हिरवे टी पसरलेले असतील, तर नजरेला एकेका अक्षरावर थांबत जावं लागतं. जितकी अक्षरं जास्त तितका वेळ जास्त.

प्लॅनरच्या पानावर हे थेट लागू पडतं. एक रंग बोलतो, दोन-तीन रंग आळीपाळीनं बोलतात, आणि बारा रंगांचं पान म्हणजे नुसता कलकलाट. १९९६ साली क्रिस्टोफर हीली यांनी संगणकाच्या पडद्यावरची माहिती रंगांनी कशी वेगळी करावी याचा अभ्यास केला, तेव्हा पटकन आणि अचूक ओळखता येणाऱ्या रंगांची मर्यादा सातच्या आसपास निघाली. तीही नीट पारखून निवडलेल्या रंगांची. चोवीस फिक्या छटांच्या संचातला ‘पीच’ आणि ‘कोरल’ यांतला फरक संध्याकाळी ट्यूबलाइटखाली कुणाला कळणार?

जुन्या पोथ्या उतरवणाऱ्यांना हे उमगलेलं दिसतं. मजकूर काळ्या शाईत, अध्यायाची समाप्ती आणि श्लोकांचे आकडे हिंगुळाच्या लाल रंगात, आणि चूक झाली तर तिच्यावर हरताळाचा पिवळा लेप. तीन रंग, तिन्हींना ठरलेलं काम. पाठ करणारा पोथीतली आपली जागा लाल खुणांवरून शोधायचा. त्याहून कितीतरी आधी इजिप्तच्या लेखनिकांच्या फळीतही रंगाच्या दोन वाट्या असायच्या, काळ्याची आणि लालाची.

*

मुंबईच्या डबेवाल्यांबद्दल इतकं लिहिलं गेलंय, की नाव काढताच वाचक पान उलटतो. तरी इथे थांबायला हवं, कारण त्यांच्या रंगाकडे आपण बहुधा कौतुकानं बघतो, नीट बघत नाही. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम. करोनाआधी मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागातले सुमारे पाच हजार जण रोज दोन लाखांच्या घरात डबे पोचवायचे. झाकणावर रंगानं काढलेली अक्षरं नि आकडे असतात. डबा कुठून उचलला, कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, तिथे कुणाच्या हाती द्यायचा, कुठली इमारत, कितवा मजला. घरच्याचं नाव नाही, पूर्ण पत्ता नाही, आत काय आहे ते तर नाहीच. एक डबा वाटेत अनेक हातांतून जातो आणि प्रत्येकाला त्यातली फक्त आपल्यापुरती खूण वाचायची असते. चर्चगेटच्या फलाटावर डब्यांची लाकडी फळी उतरते तेव्हा वर्गवारीला मिनिटं मिळतात, तास नाही.

लक्षात घ्यायचं ते एवढंच, की त्या खुणा रंगवणारा एक आणि वाचणारा दुसरा. डबा कसला आहे हे खूण सांगत नाही, तो पुढे कुठे जायचाय हे सांगते.

हीच रीत रुग्णालयाच्या वॉर्डात आहे, तिथे तिचं कुणी कौतुक करत नाही एवढंच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे प्रत्येक वॉर्डात चार रंग दिसले पाहिजेत. पिवळ्या पिशवीत रक्तानं भिजलेलं ड्रेसिंग, शरीराचे अवयव, प्लास्टर. लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, हातमोजे. पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काच आणि धातूची इम्प्लांट. हे गट वरवर पाहता विचित्र वाटतात. रक्ताळलेला कापूस एकीकडे आणि रक्ताळलेली नळी दुसरीकडे का? कारण रंग कचरा किती घाण आहे ते सांगत नाही, तो पुढे कुठल्या यंत्रात जाणार ते सांगतो. पिवळं मुख्यतः भट्टीत जळतं. लाल वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होऊन, तुकडे होऊन प्लास्टिकच्या पुनर्वापराला जातं. क्लोरीन असलेलं प्लास्टिक चुकून पिवळ्यात पडलं आणि जळलं, तर धुरातून डायॉक्सिनसारखी विषं बाहेर पडतात. सुई लालमध्ये पडली तर पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या बोटात जाते.

म्हणजे ड्रेसिंग संपताना सिस्टरनं क्षणभरात कुठल्या पिशवीकडे हात नेला, यावर शहराबाहेरच्या प्रक्रिया केंद्रावरच्या अनोळखी माणसाची तब्येत ठरते. या दोघांची भेट कधीच होत नाही. त्यांच्यातला सगळा संवाद त्या पिशवीच्या रंगातून होतो. २०२० मध्ये करोनाचा कचरा वाढला तेव्हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं नवा रंग काढला नाही; पिशवी दुहेरी करा आणि तिच्यावर ‘कोविड-१९’ लिहा, एवढंच सांगितलं. हा शहाणपणा होता. पाचवा रंग आणला असता तर मामा-मावशींना सगळा पाढा पुन्हा शिकवावा लागला असता, आणि तोही ऐन साथीत.

घरच्या ओल्या कचऱ्याची हिरवी बादली आणि सुक्याची निळी यांचं गाडं कुठे अडतं, तेही यावरून कळतं. बादलीपाशी रंग वेगळे आणि घंटागाडीत कप्पा एकच, असं चार वेळा दिसलं की पाचव्या वेळी बादल्याही एक होतात.

*

चाकण, पिंपरी, वाळूज, सातपूर, कुठल्याही औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात पाऊल टाकलं की पायाखालीच रंग सुरू होतो. चालायची वाट पिवळ्या पट्ट्यांतली. भारतीय मानकाप्रमाणे नळांचे रंग ठरलेले: पाण्याचा समुद्री हिरवा, हवेचा आकाशी, वायूंचा पिवळा, आम्लांचा गडद जांभळा. बाद मालाची पेटी लाल, आणि कित्येक ठिकाणी तिला कुलूप, म्हणजे तिथला सुटा भाग ‘चालून जाईल’ म्हणत कुणी पुन्हा उचलून लावायला नको.

यातली बरीच शिस्त जपानकडून आली. टोयोटात तायची ओनो यांनी घडवलेल्या पद्धतीत लाइनवरच्या प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. काही चुकतंय असं वाटलं की ओढायची. वरच्या फलकावर पिवळा दिवा लागतो आणि गटप्रमुख धावत येतो. गाडी पुढच्या टप्प्यावर जाईपर्यंत अडचण सुटली तर दिवा विझतो. नाही सुटली तर लाल लागतो आणि लाइन थांबते. १९९७ मध्ये किर्लोस्कर समूहाबरोबर स्थापन झालेल्या कंपनीमुळे ही पद्धत बंगळूरूजवळच्या बिडदीत थेट आली. पुण्याच्या पट्ट्यात ती पुरवठादारांमार्फत, सल्लागारांमार्फत, ‘फाइव्ह एस’ या नीटनेटकेपणाच्या जपानी पद्धतीच्या तक्त्यांमार्फत पसरली.

दिवे कुणीही बसवू शकतो. कुठल्याही कारखान्याला ते महाग नाहीत. महाग आहे ती लाइन थांबवायची तयारी. दोरी ओढणाऱ्याला ‘तू कशाला ओढलीस’ असं विचारलं गेलं, की दुसऱ्या दिवसापासून तो दिवा शोभेचा होतो आणि पाहुण्यांना दाखवला जातो.

ऑफिसात याचीच दुसरी आवृत्ती चालते. हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत आठवड्याच्या बैठकीत प्रत्येक प्रोजेक्टपुढे लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका असतो. ‘आपलं रेडमध्ये गेलंय’ हे वाक्य कॅन्टीनमध्ये हलक्या आवाजात बोललं जातं. बैठकीत मात्र ठिपका हिरवाच असतो, डिलिव्हरीच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत. जगभरच्या आयटीत अशा प्रोजेक्टला कलिंगड म्हणतात: बाहेरून हिरवं, कापलं की लाल.

फोर्ड कंपनीचा किस्सा या बाबतीत प्रसिद्ध आहे आणि खराही. २००६ साली अ‍ॅलन मुलाली बोइंगमधून फोर्डच्या प्रमुखपदी आले. त्या वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. मुलालींनी दर आठवड्याला सगळ्या विभागप्रमुखांची बैठक लावली आणि प्रत्येकानं आपल्या कामांचे तक्ते हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत आणायचे असं ठरवलं. आठवड्यांमागून आठवडे सगळे तक्ते हिरवे येत राहिले. कंपनी बुडतेय आणि एकाही माणसाकडे अडचण नाही, हे कसं, असं शेवटी मुलालींनी विचारलं. मग एका बैठकीत मार्क फील्ड्स यांनी लाल तक्ता दाखवला. त्यांच्या एका नव्या गाडीचं काम अडलं होतं. खोलीत शांतता पसरली. आता याची नोकरी गेली, असंच सगळ्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि याला कोण मदत करू शकेल, असं विचारलं. पुढच्या बैठकांत तक्त्यांवर लाल-पिवळं भराभर उगवलं. मार्क फील्ड्स २०१४ मध्ये स्वतः कंपनीचे प्रमुख झाले.

ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात ‘नेतृत्व’ या मथळ्याखाली शिकवतात. मला त्यात रंगाची किंमत दिसते. तक्ते पहिल्या आठवड्यापासून तेच होते, रंगही तेच होते. लाल दाखवण्याचा दंड संपला त्या दिवशी ते कामाला आले.

सरकारी कचेरीत रंगाचा उपयोग आणखी निराळा. केंद्र सरकारच्या नस्तीतला टिपणीचा कागद हिरवट, आणि कार्यपद्धतीच्या नियमपुस्तिकेप्रमाणे हिरवी किंवा लाल शाई वापरायची मुभा सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना, तीही क्वचित. इथे रंग काय करायचं ते सांगत नाही, कोण बोलतंय ते सांगतो. हुद्दा वाचायला हे सोयीचं, काम हलायला नाही. ‘तातडीचे’ अशी लाल चिठ्ठी लावलेल्या फायली टेबलावर वाढत गेल्या की त्यांच्यातही एक साधी रांग तयार होते.

*

तर प्लॅनर रंगवायचाच असेल तर कशानं रंगवावा? विषयानुसार रंग देणं ही सगळ्यांची पहिली खोड. इतिहास गुलाबी, क्लायंट ‘अ’ निळा, क्लायंट ‘ब’ हिरवा. पण ‘इतिहास’ हा शब्द त्या चौकोनात लिहिलेलाच असतो; रंग तेच पुन्हा सांगतो. जे लिहिलेलं नाही ते रंगानं सांगावं, ही पहिली कसोटी. काम माझ्या हातात आहे, की दुसऱ्याच्या उत्तरासाठी अडलंय, की मला येत नाही म्हणून तीनदा पुढे ढकललंय. या तीन अवस्थांना तीन रंग पुरे. अभ्यास करणाऱ्या मुलीनं धड्यांची यादी करून, पुस्तक मिटून विचारलेल्या प्रश्नांत जिथे अडलं तेवढेच धडे लाल केले, तर उद्या सकाळी कुठे बसायचं ते तिला शोधावं लागणार नाही. पान दिसायला मात्र काही खास दिसणार नाही, आणि त्याचा फोटोही कुणी टाकणार नाही.

रंग नेहमी विचार करूनच निवडलेला असतो असंही नाही; चिकटचिठ्ठ्यांच्या बाबतीत एक गंमत सांगून टाकतो. थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये शोधलेला अर्धवट चिकटणारा गोंद आणि आर्ट फ्राय यांना चर्चच्या गाण्यांच्या पुस्तकात खूण ठेवताना सुचलेली युक्ती यांतून ती चिठ्ठी जन्मली, १९८० मध्ये अमेरिकाभर विकायला आली, आणि पिवळी झाली ती शेजारच्या प्रयोगशाळेत पिवळा रद्दी कागद पडला होता म्हणून. पिवळा लक्ष वेधतो, स्मरणशक्ती जागवतो वगैरे कारणं नंतरची.

प्लॅनरची दुसरी कसोटी झेरॉक्सची. आपलं वेळापत्रक काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स करून बघा. सगळं सारखंच करडं आलं आणि अर्थ पुसला गेला, तर ते रंगांवर नको इतकं टेकलंय. याचं कारण नुसतं झेरॉक्स मशीन नाही. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारी माणसं आपल्या आजूबाजूला असतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारा जणांत सुमारे एक, आपल्याकडे त्याहून कमी, बायकांत फारच थोड्या. यातल्या पुष्कळांना स्वतःलाही ते उशिरा कळतं. स्वीडनमध्ये १८७५ साली लागरलुंडा इथे रेल्वेचा अपघात झाला, त्यानंतर फ्रिटिऑफ होल्मग्रेन यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या रंगदृष्टीची तपासणी सुरू करायला लावली. आपल्या रेल्वेत इंजिन चालवणाऱ्याला ही परीक्षा आजही द्यावी लागते, आणि ते योग्यच आहे.

पण सगळीकडे ते योग्य नसतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमाला निवडलेल्या एका उमेदवाराला रंगांधत्वामुळे प्रवेश नाकारला गेला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२२ मध्ये न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. चित्रपट ही अनेकांनी मिळून करायची कला आहे, आणि एकाला न दिसणारा रंग दुसरा सांगू शकतो. ऑफिसच्या तक्त्यालाही तेच लागू. डबेवाला रंगाबरोबर अक्षर लिहितो, वॉर्डातल्या पिशवीवर चिन्ह छापलेलं असतं, रस्त्यावरच्या उभ्या सिग्नलचा लाल वर असतो. मुंबईत मेट्रोच्या मार्गांना पिवळा, लाल, अ‍ॅक्वा अशी नावं दिली, तरी २ए, ७, ३ हे आकडे ठेवलेच. आपण मात्र एक्सेलच्या तक्त्यात नुसता ठिपका ठेवतो.

*

घरातला सर्वांत जुना प्लॅनर स्वयंपाकघराच्या दाराला लटकलेला असतो. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेलं ‘कालनिर्णय’ मराठी घरात तिथी-वार बघायला आलं आणि हिशेबाची वही होऊन राहिलं. रविवार नि सणाच्या लाल तारखा छापलेल्या. बाकीचं घरानं भरलेलं. दुधाचा खाडा, कामवाल्या मावशींची सुट्टी, गॅस लावल्याचा दिवस, पेपरवाल्याचं बिल दिल्याची खूण. गोल, फुली, टिंब. रंग कुठला, तर खिळ्याला दोऱ्यानं बांधलेल्या पेनात असेल तो. महिनाअखेर दूधवाला दारात आला की घरची बाई बोटानं चौकोन मोजते आणि त्यालाही तो हिशेब मान्य असतो, कारण चौकोन दोघांसमोर आहेत.

आताच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर चुंबकाचा फळा असतो किंवा मोबाइलवर सगळ्या घराचं एक कॅलेंडर. बाबांचा निळा, आईचा जांभळा, मुलीचा हिरवा, मुलाचा नारिंगी, आजींच्या औषधांचा आणि तपासण्यांचा लाल. फळा सुरेख दिसतो, चुकत नाही, पालकसभेपासून वीजबिलापर्यंत सगळं त्यावर असतं. ते भरायचं, पुसायचं, पेन सुकलं की नवं आणायचं, हे सगळं बहुतेक घरांत एकाच माणसाकडे असतं. हिरव्या आणि नारिंगी रंगाचे धनी फ्रिज उघडून पाण्याची बाटली काढतात, आणि फळ्याला पाठ करून विचारतात, “आई, माझा गणिताचा पेपर कधी आहे गं?”